शॉकअपचं सील पुन्हा पुन्हा का जातं, आणि थोडक्या पैशात ते कसं वाचवायचं

वाचकाचं पत्र

माझी १५० सीसीची गाडी सहा वर्षांची आहे. रोज जाऊन-येऊन चाळीसेक किलोमीटर होतात आणि त्यातला बराच रस्ता जांभ्याच्या चिरेखाणींच्या बाजूने जातो. उन्हाळ्यात लाल धूळ, पावसात नुसता चिखल. वर्षभरात पुढच्या उजव्या शॉकअपचं ऑइल सील दोनदा बदललं, आता पुन्हा पाईपवर तेलाचं कडं दिसायला लागलंय. मेकॅनिक म्हणतो, पाईपच बदलून टाका. मित्र म्हणतो, टायरची जुनी ट्यूब कापून वरून चढव आणि आत ग्रीस भर. मी जास्तीत जास्त दीड हजार खर्च करू शकतो. मागच्या शॉकअपसाठीही काही करावं का?
एक वाचक, ता. लांजा, जि. रत्नागिरी

उत्तर

नमस्कार.

धूळ दोन्ही बाजूंना सारखीच उडते, तरी तुमचं सील दर वेळी उजवीकडचंच गेलं. म्हणजे धुळीखेरीज उजव्या शॉकअपचं स्वतःचं काहीतरी दुखणं आहे. ते न शोधता नुसतं वरून झाकण चढवलंत, तर नवं सील झाकणाच्या आत जाईल आणि ते तुम्हाला उशिरा कळेल. म्हणून आधी उजव्या पाईपची तपासणी करा, मग सील बदला, आणि झाकण बसवायचं असेल तर ते सील बदलतानाच बसवा. दोन्ही कामांना शॉकअप उतरवावा लागतो. एकदाच खोललात तर मजुरीही एकदाच.

आत काय घडतं ते आधी पाहू. वरचा चकचकीत पाईप 'टी'मध्ये, म्हणजे हँडलखालच्या पकडीत, घट्ट धरलेला असतो. खालचा जाड ॲल्युमिनियमचा बॉटम चाकाबरोबर वरखाली होतो. बॉटमच्या तोंडाशी दोन सीलं असतात. बाहेरून दिसतं ते डस्ट सील. त्याच्या खाली तारेचं लॉक आणि लॉकच्या खाली ऑइल सील. ऑइल सीलच्या ओठामागे बारीक स्प्रिंगचं कडं असतं, ते ओठ पाईपवर दाबून धरतं. पाईपवर तेलाचा अगदी पातळ थर कायम असतो आणि असायलाच हवा, नाहीतर रबर कोरडं घासेल. धूळ याच थराला चिकटते. भुरभुरीत ताजी धूळ डस्ट सील सहज लोटून देतं. त्रास होतो तो पाईपवर वाळलेल्या चिखलाचा. रात्रभर गाडी उभी राहिली की पाईपच्या पुढच्या बाजूला चिखलाचा पापुद्रा कडक होतो. सकाळी पहिल्याच खड्ड्यात शॉकअप दबतो, डस्ट सीलचा ओठ त्या पापुद्र्यावर चढतो आणि त्यातला एखादा कण आत ओढला जातो. तो ऑइल सीलच्या ओठाखाली अडकला की ओठ तेवढ्या जागी पाईपपासून उचललेला राहतो. तेल तिथून बाहेर येतं, त्या तेलाला आणखी धूळ चिकटते आणि हे चक्र सुरू राहतं.

म्हणजे तेलाचं कडं दिसलं म्हणून सील फाटलंच असं नाही. कित्येकदा आत फक्त कण अडकलेला असतो, तो काढला की गळती थांबते. हा प्रयोग फुकटात होतो, म्हणून सुरुवात त्यानेच करा.

त्यासाठी कॅमेऱ्याच्या जुन्या रोलची निगेटिव्ह पट्टी उत्तम. ती नसेल तर पाण्याच्या बाटलीच्या सरळ भागातून दीड-दोन सेंटिमीटर रुंद आणि बोटाएवढी लांब पट्टी कापा. पट्टीच्या टोकाशी एका कडेला कात्रीने तिरकी खाच पाडा, म्हणजे मासे धरायच्या गळासारखा छोटा आकडा तयार होईल. कापलेल्या कडेला खरखर राहिली असेल तर ती बारीक वॉटर पेपरने घालवा. पाईप आणि डस्ट सीलभोवतीचा भाग आधी पाण्याने भिजवून स्वच्छ पुसा. मग पातळ चपट्या स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाला चिकटपट्टी गुंडाळून डस्ट सील चारी बाजूंनी थोडं थोडं उचला आणि पाईपवर वर सरकवा. एकाच जागी जोर लावलात तर ते वाकडं होईल. खाली जी लाल-काळी चिखलट पेस्ट दिसेल ती कपड्याने टिपून घ्या, आत ढकलू नका. आता पट्टीचा आकडा पाईप आणि ऑइल सील यांच्या मधून हलकेच आत घाला. स्प्रिंगच्या कड्यापर्यंत गेल्याचं हाताला जाणवतं, त्याच्या किंचित पुढे न्या. मग पाईपभोवती पूर्ण फेरी मारत आकड्याने कचरा बाहेर ओढा. पट्टी पुसून दोन-तीन फेऱ्या करा. थोडं तेल येईल, ते येऊ द्या, कण त्याच्याबरोबरच निघतात. शेवटी पुढचा ब्रेक दाबून शॉकअप दहा-बारा वेळा दाबा, पाईप पुसा, डस्ट सील खाली बसवा आणि नेहमीच्या रस्त्यावर पंचवीसेक किलोमीटर फिरून या. कडं परत आलं नाही तर सील शाबूत आहे. आलं तर पुढचं वाचा.

गळणारं तेल ब्रेकच्या डिस्कवर किंवा कॅलिपरवर (डिस्कला पॅडने पकडणाऱ्या भागावर) उतरत असेल तर मात्र हा प्रयोग रस्त्यावर करायचा नाही. तेल प्यालेले ब्रेक पॅड धुऊन नीट होत नाहीत, ते बदलावेच लागतात, आणि तोपर्यंत पुढचा ब्रेक भरवशाचा राहत नाही.

आता उजवा पाईप. गाडी मेन स्टँडवर घ्या आणि इंजिनखाली लाकडी ठोकळा देऊन पुढचं चाक अधांतरी करा, म्हणजे एरवी बॉटममध्ये लपणारा पाईपचा भागही बाहेर येतो. पाईप पुसून स्वच्छ करा आणि बोटाचं नख वरून खाली, मग आडवं फिरवा. त्यानंतर जुना नायलॉनचा पायमोजा हाताला गुंडाळून पाईपवरून ओढा. नखाला न कळलेली टोचही नायलॉनच्या धाग्याला अडकते. दगड लागून क्रोमचा टवका उडाला की खळग्याभोवती उभी धार राहते, आणि शॉकअप प्रत्येक वेळी दबताना ती धार सीलचा ओठ कापत राहते. तुम्ही नवं सील टाकता, ते काही महिने टिकतं आणि त्याच जागी कापलं जातं. एकाच बाजूचं सील वारंवार जाण्यामागे बऱ्याचदा हेच निघतं. तुमच्याकडची हवा खारी असेल तर टवक्याच्या जोडीला गंजाचे ठिपकेही सापडतील. त्यांची कडसुद्धा तशीच खरखरीत असते.

टवका सापडला म्हणून लगेच पाईप बदलायचा नसतो. तो सीलच्या वाटेत येतो का ते पाहा. बाजारात मिळणारा पातळ प्लॅस्टिकचा केबल टाय पाईपवर डस्ट सीलला टेकवून बांधा. बोटाने सरकेल इतकाच घट्ट हवा, आणि शेपटी कापताना पाईपला ओरखडा जाऊ देऊ नका. दोन दिवस नेहमीच्या रस्त्यावर गाडी चालवा. सील जिथवर चढलं तिथे टाय थांबलेला असेल. टवका त्याच्याही वर असेल तर तो सीलपर्यंत सहसा पोचत नाही. फक्त धार घासून टाका आणि पुढे चला.

टवका सीलच्या वाटेत असेल तर तो भरावा लागतो. हार्डवेअरच्या दुकानात १००० आणि २००० नंबरचे वॉटर पेपर मिळतात. १००० नंबरचा नखाएवढा तुकडा लाकडाच्या छोट्या सपाट पट्टीवर लावा, तेलाचा थेंब टाका आणि फक्त उभी राहिलेली धार घासा. आजूबाजूचा चांगला क्रोम घासू नका. घासण्याची दिशा पाईपभोवती आडवी ठेवा. उभे ओरखडे पडले तर तेल त्यातूनच वर चढतं. नख अडकायचं थांबलं की २००० ने शेवटचा हात फिरवा. नंतर खळगा थिनर किंवा नेलपॉलिश रिमूव्हरमध्ये बुडवलेल्या काडीने स्वच्छ करा. ते सीलच्या रबरावर सांडू देऊ नका. खळग्यात दोन भाग मिसळून करायच्या इपॉक्सीचा थेंब भरा. एक रात्र पूर्ण सुकू द्या आणि दुसऱ्या दिवशी २००० च्या पेपरने पाईपच्या पातळीला आणा. इपॉक्सी नसेल तर रंग नसलेलं नेलपॉलिश पातळ थरांत, प्रत्येक थर सुकवून, भरता येतं. ते इपॉक्सीइतकं टिकत नाही, तरी अगदी बारीक ठिपक्यांना पुरतं. वरवरचा गंज घालवायला स्वयंपाकघरातला ॲल्युमिनियम फॉइलचा बोळा पाण्यात बुडवून घासा. गंज निघतो आणि क्रोमवर ओरखडे राहत नाहीत.

पाईप बदलावाच लागेल अशा अवस्था मोजक्या आहेत. क्रोम पापुद्र्यांनी सुटतोय, गंजाने पाईपला सीलच्या वाटेत चाळणीसारखी भोकं पडलीत, किंवा पाईप वाकलाय. वाकल्याची शंका असेल तर पाईप बाहेर काढल्यावर जाड काचेवर हळू लोळवा. सरळ पाईप एकसारखा लोळतो, वाकडा एका जागी उचलला जातो आणि खालून प्रकाशाची फट दिसते. मेकॅनिकला यापैकी नेमकं काय दिसलं ते विचारा. पाईपवर बोट ठेवून त्याने दाखवलं तर त्याचं ऐका.

पाईप गुळगुळीत आणि सरळ निघाला तरी सील जात असेल, तर दुखणं बसवण्यात आहे. नेहमी आढळणाऱ्या चुका अशा: ऑइल सील तिरकं ठोकलेलं, आतला बुश (पाईपला बॉटममध्ये सरळ धरणारं कडं) झिजून पाईप बॉटममध्ये खडखड हलणारा, उजवीकडे ठरलेल्या मापापेक्षा जास्त तेल ओतलेलं. तेल जास्त झालं की वर हवेला जागा उरत नाही. मोठ्या खड्ड्यात आतला दाब वाढतो आणि तेल सीलला ढकलून बाहेर येतं. दोन्ही बाजूंना तेल मापाने, मोजपात्राने, सारखंच भरायचं असतं. माप गाडीच्या मॅन्युअलमध्ये मिलिलिटरमध्ये दिलेलं असतं. इंजिनचं उरलेलं ऑइल शॉकअपमध्ये ओतण्याची सवय अनेक ठिकाणी आहे, ती तुमच्या गाडीवर चालू देऊ नका. ते जाड पडतं, शॉकअप ताठ होतो आणि खड्ड्याचा हिसका सील-बुशवर येतो. आणखी एक चूक चाक बसवतानाची. एक्सल आवळल्यावर, पण एक्सल धरणारा बाजूचा बोल्ट आवळण्याआधी, पुढचा ब्रेक धरून शॉकअप चार-पाच वेळा दाबायचा असतो, म्हणजे दोन्ही बॉटम आपापल्या रेषेत बसतात. हे राहिलं तर एक बॉटम पाईपवर तिरका घासतो आणि सील एकाच बाजूने झिजतं.

सील बदलताना दोन्ही बाजूंची ऑइल सीलं आणि दोन्ही डस्ट सीलं, चारही नवी घ्या. पैसे वाचवायला डस्ट सील जुनंच ठेवतात आणि तिथेच फसतात. धुळीशी आधी गाठ त्याचीच पडते, आणि सहा वर्षांचं डस्ट सील उन्हाने कडक होऊन पाईपपासून सैल झालेलं असतं. ऑइल सीलवर तीन आकडे छापलेले असतात, आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि उंची, मिलिमीटरमध्ये. जुन्या सीलवरचे आकडे नव्याशी जुळवूनच दुकानातून निघा. बसवताना पाईपच्या टोकावर पातळ प्लॅस्टिकची पिशवी ताणून तेलाचा हात फिरवा आणि सील त्यावरून सरकवा, म्हणजे टोकाची धार ओठ कापणार नाही. आकडे छापलेली बाजू वर. सील ठोकायला छिन्नी किंवा स्क्रू-ड्रायव्हर वापरू देऊ नका. जुनं सील नव्याच्या डोक्यावर ठेवा आणि पाईपवरून जाईल अशा पीव्हीसी पाईपच्या तुकड्याने सरळ, हळूहळू ठोका. तारेचं लॉक खाचेत पूर्ण बसलं की सील जागेवर पोचलं.

आता झाकणाकडे येऊ. ट्यूब आणि ग्रीस दोन्ही नको. ट्यूबचा सरळ तुकडा दोन्ही टोकांना बांधला की शॉकअप दबताना त्याला घडी पडायला जागा नसते. तो सुरकुततो, आत वळतो आणि पाईप व सील यांच्यामध्ये चेपला जातो. आत ग्रीस भरलं तर आलेली सगळी धूळ ते धरून ठेवतं आणि पाईपला ग्रीस-मातीचा लेप बसतो. तो घासणीच्या पेपरसारखं काम करतो.

तुमच्या रस्त्याला घड्या असलेलं रबरी गेटर योग्य. कच्च्या रस्त्यांसाठी केलेल्या गाड्यांना, उदाहरणार्थ हिरो एक्सपल्स २०० किंवा रॉयल एनफिल्डची आधीची ४११ सीसीची हिमालयन, कंपनीतूनच गेटर आलेले असतात. दुकानात याला कोणी बेलो म्हणतं, कोणी शॉकअपचं रबर. 'सगळ्यांना बसतं' म्हणून दिलेलं घेऊ नका, आधी तीन मापं काढा. पुढचं चाक अधांतरी असताना 'टी'च्या खालच्या कडेपासून डस्ट सीलपर्यंत उघडा पाईप किती दिसतो, पाईपचा बाहेरचा व्यास किती, आणि बॉटमच्या तोंडाचा बाहेरचा व्यास किती. व्हर्नियर नसेल तर दोऱ्याने घेर मोजून ३.१४ ने भागा. समजा उघडा पाईप १६० मिलिमीटर भरला आणि मॅन्युअलप्रमाणे शॉकअपचा प्रवास १३० मिलिमीटर आहे. म्हणजे पूर्ण दबल्यावर जागा उरते फक्त ३० मिलिमीटर. गेटर ताणून १६० पेक्षा थोडं जास्त झालं पाहिजे, आणि चेपून ३० च्या आत आलं पाहिजे. यातलं दुसरं माप लोक विसरतात. लांब, जाड घड्यांचं गेटर चेपून ६० मिलिमीटरवरच अडलं, तर खोल खड्ड्यात शॉकअपचा शेवटचा प्रवास बंद होतो आणि हिसका थेट हँडलला येतो. घड्या जास्त असतील तर अरुंद टोकाकडून धारदार कटरने एक-दोन घड्या कापता येतात, फक्त उरलेलं तोंड पाईपला नीट बसतंय ना ते पाहा.

बसवायला पुढचं चाक आणि मडगार्ड काढून, पाईप 'टी'मधून खाली ओढावा लागतो. शॉकअप खोलून आत काम करायचं असेल तर पाईपचं वरचं तोंड बंद करणारा बोल्ट, पाईप 'टी'मध्ये धरलेला असतानाच, थोडा सैल करून ठेवा, नंतर तो हलत नाही. पाईपचं टोक वरच्या 'टी'पेक्षा किती वर आहे ते मोजून लिहा आणि दोन्ही बाजू तितक्याच ठेवून परत बसवा. डिस्कचा कॅलिपर सुतळीने हँडलला टांगा, ब्रेकच्या पाईपवर लोंबकळत सोडू नका. चाक बाहेर असताना ब्रेक लिव्हर चुकून दाबला गेला तरी पॅड एकमेकांना भिडू नयेत म्हणून त्यांच्या मध्ये पुठ्ठ्याचा तुकडा घाला. गेटर चढवण्याआधी आतून सिलिकॉन ग्रीसचा नुसता ओशट हात पाईपवर फिरवला तर चालतो. साधं पिवळं ग्रीस नको, बऱ्याच गेटरचं रबर त्याने फुगतं.

गेटरला श्वास घ्यायला भोकं हवीत. शॉकअप दबताना आतली हवा बाहेर जाते, सुटताना आत येते. भोकं नसतील तर गेटर फुग्यासारखं फुगतं आणि हवा सैल तोंडातून धुळीसकट आत ओढते. खालच्या घडीत, मागच्या बाजूला, तीन मिलिमीटरची दोन भोकं पुरतात. आधीच असतील तर ती मागे इंजिनकडे वळवून बसवा. समोर ठेवलीत तर पावसाचं पाणी थेट आत. पाणी शिरलंच तर तेही खालच्याच भोकातून निथळतं, म्हणून भोकं वर पाडू नका. खालचं तोंड बॉटमवर केबल टायने घट्ट आवळा, वरचं हलकेच. मग हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहा. गेटर कुठल्या केबलला ओढत असेल तर आताच कळेल.

लांज्यासारख्या पावसात गेटरचा एक तोटा सांभाळावा लागतो. ते गळती आणि गंज दोन्ही लपवतं. जून ते सप्टेंबरात महिन्यातून एकदा खालचा टाय कापा, गेटर वर उचला, आतला पाईप पुसा, भोकात माती बसली असेल तर काडीने काढा आणि नवा टाय लावा. केबल टायची पुडी स्वस्त मिळते, त्यात कंजुषी करू नका.

शॉकअप न उतरवता लावायचं झाकण म्हणजे निओप्रीनची, म्हणजे मऊ फेसाळ रबराची, वेलक्रो पट्टी. औषधाच्या दुकानातल्या गुडघ्याच्या निओप्रीन पट्ट्यातूनही ती घरी कापता येते. बॉटमच्या तोंडाला खाली तीनेक सेंटिमीटर धरून ठेवेल आणि सीलच्या वर चार-पाच सेंटिमीटर येईल एवढी उंची पुरे. कोरड्या धुळीत ती छान काम करते. मात्र चिखलात ती ओला गाळ पाईपला चिकटवून ठेवते, त्यामुळे पावसाळ्यात काढून ठेवा. तुमचा शॉकअप या वेळी खोलावाच लागला तर गेटर घ्या. कचरा काढायच्या निगेटिव्ह पट्टीच्या प्रयोगानेच गळती थांबली तर मेपर्यंत निओप्रीनवर भागेल.

धुण्याबद्दल थोडं परखड सांगतो. वॉशिंग सेंटरमध्ये जोराच्या फवाऱ्याची नळी सीलच्या तोंडाशी धरतात आणि वर 'डिझेल मारून' देतात. तो दाब पाणी आणि बारीक गाळ ओठाच्या पलीकडे ढकलतो. डिझेलने चमक येते, पण ओशटपणा मागे राहतो, दुसऱ्या दिवशी सगळी लाल धूळ त्यावर बसते, आणि रबरी बुशही डिझेलने फुगतात. दोन्ही बंद करा. संध्याकाळी घरी आल्यावर, चिखल ओला असतानाच, दोन तांबे पाणी पाईपवर सोडा आणि मऊ ओल्या कपड्याने पाईपभोवती गोल फिरवून पुसा. चिखल वाळला असेल तर ओला कपडा पाच-दहा मिनिटं गुंडाळून ठेवा, मग पुसा. कोरडा कपडा वाळल्या मातीवर फिरवायचा नाही. गेटर असलं तर हे रोज करावं लागत नाही, नसलं तर रोज करा. या सगळ्या यादीत फायदा सर्वांत जास्त याच दोन मिनिटांचा आहे.

पैशांचं गणित साधारण असं बसतं. दोन्ही बाजूंची ऑइल आणि डस्ट सीलं तीनशे ते सहाशे, गेटरची जोडी अडीचशे ते पाचशे, शॉकअप ऑइल दोनशेच्या आसपास, वॉटर पेपर, इपॉक्सी आणि केबल टाय मिळून दीडशेपर्यंत. मजुरी तालुक्याच्या ठिकाणी तीनशे-चारशे धरा. गाडी आणि गाव बदललं की भाव बदलतात. सगळं मिळून तुमच्या दीड हजाराच्या आसपास जातं. हात आखडावा लागला तर गेटर पुढच्या महिन्यावर टाकू नका, त्यासाठी पुन्हा मजुरी जाईल. त्याऐवजी साध्या बनावटीचं गेटर घ्या. सीलं मात्र गाडीच्या कंपनीचीच घ्या.

मागचा शॉकअप तुमच्या गाडीला एक आहे की दोन, ते पत्रात नाही. दोन असतील तर फार काही करायला नको. स्प्रिंगच्या मधून पाणी सोडून रॉडच्या बुडाशी साचलेली माती धुऊन काढत जा, आणि वरखालच्या डोळ्यांतले (बोल्ट जातो त्या भोकांतले) रबरी बुश फाटलेत का ते सर्व्हिसिंगच्या वेळी पाहा. मधे एकच मोनोशॉक असेल तर मागचं टायर सगळा चिखल थेट त्याच्यावर फेकतं. तिथे ट्रकच्या जुन्या ट्यूबचा चौकोनी तुकडा पडद्यासारखा लावा. कडेला भोकं पाडून खालची कड मागचं चाक धरणाऱ्या चिमट्याच्या आडव्या दांडीला आणि वरची मागच्या मडगार्डच्या आतल्या बाजूला केबल टायने बांधा, मध्ये थोडा सैल ठेवा. मग मागे दोन माणसं बसवून गाडी जोरात दाबायला सांगा आणि स्वतः वाकून पाहा. रबर टायर आणि चेन दोन्हींपासून दोन बोटं लांब राहिलं पाहिजे. कमी अंतर असेल तर तुकडा कापून लहान करा. चेनमध्ये गुंतलेलं रबर चालत्या गाडीचं मागचं चाक अडवू शकतं.

निगेटिव्ह पट्टीचा प्रयोग येत्या रविवारीच करा. पंचवीस किलोमीटरनंतर कडं परत आलं, तर नख पाईपवर कुठे अडकलं आणि केबल टाय डस्ट सीलपासून किती मिलिमीटर वर गेला, एवढं लिहून पाठवा. गाडीचं मॉडेलही कळवा. मग पाईप ठेवायचा की बदलायचा, हे नेमकं सांगता येईल.